यंत्रगणना आणि बुद्धिबळाची मीमांसा

डावाचे परीक्षण करताना संगणकाचा निर्णय अंतिम मानण्याची प्रवृत्ती अलीकडे बळावली आहे. लिनारेस येथे १९९८ साली तोपालोव्हविरुद्ध शिरोव्हने ४७ व्या चालीत आपला उंट चक्क मारास दिला. त्यायोगे त्याच्या राजाला पटाच्या मध्याकडे वाट मिळाली आणि उरलेली मुक्त प्यादी विजयी ठरली. तत्कालीन संगणकांस ही चाल उमगली नाही, कारण त्यांची गणना फलप्राप्तीच्या अलीकडेच थांबत असे. आजची यंत्रे पुष्कळच खोल पाहतात, आणि डावपेचांतील चूक हुडकण्यात त्यांच्याशी मनुष्याची तुलनाच नको. तथापि ती आकडा देतात, कारण सांगत नाहीत. शिरोव्हला राजासाठी केवळ एक चाल वाचवावयाची होती, हे भाष्यकाराने स्वतः पट मांडूनच ओळखावयाचे असते.