परंपरा, पुरावा आणि वाङ्मय : स्कॉटलंडचे उदाहरण

गावची जुनी स्मशाने, घराण्यांच्या वंशावळी, म्हाताऱ्या माणसांच्या तोंडच्या कथा आणि गीते ही इतिहाससंशोधकाची किंवा हौशी संग्राहकाची सामग्री होय, वाङ्मयाच्या समीक्षकाला तिच्याशी कर्तव्य नाही, असा एक समज आपल्याकडे रूढ आहे. स्कॉटलंडच्या वाङ्मयाचा थोडाबहुत परिचय असलेल्या वाचकाला हा समज फार काळ बाळगता येत नाही. त्या देशात गेली अडीचशे वर्षे स्थानिक परंपरेने वाङ्मय घडविले आहे आणि वाङ्मयाने उलट परंपरा घडविली आहे. कोणती परंपरा खरी व कोणती बनावट, हा तेथील वाद केवळ इतिहासाचा नाही. तो प्रथमपासून वाङ्मयीन मूल्यांचाही वाद आहे. त्या वादात जो प्रश्न विचारला गेला तोच अपुरा होता, असे मला वाटते.

वादाचा आरंभ जेम्स मॅकफर्सनपासून होतो. उत्तरेकडील डोंगराळ प्रदेशात, गेलिक भाषेच्या परिसरात वाढलेल्या या तरुणाने १७६० साली प्राचीन काव्याचे काही तुकडे इंग्रजी गद्यात प्रसिद्ध केले, आणि त्यापाठोपाठ ‘फिंगल’ व ‘टेमोरा’ ही दोन महाकाव्ये पुढे आणली. तिसऱ्या शतकातील ऑसियन नावाच्या कवीची ही रचना असून आपण केवळ तिचे भाषांतरकार आहोत, असे त्याने सांगितले. सारे युरोप या काव्याने भारावून गेले. गटेच्या वेर्थरलाही ऑसियनचा लळा लागला. सॅम्युएल जॉन्सनने मात्र मूळ हस्तलिखिते दाखवा, अशी मागणी केली. १७७३ मध्ये त्याने स्वतः पश्चिमेकडील बेटांचा प्रवास केला, आणि १७७५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रवासवर्णनात आपला अविश्वास निःसंदिग्ध शब्दांत नोंदविला. मॅकफर्सन खोटा ठरला, आणि त्याच्याबरोबर साऱ्या मौखिक गेलिक परंपरेवरच संशयाची छाया पडली.

तथापि प्रकरण तेथे संपत नाही. १८०५ मध्ये हायलंड सोसायटीच्या समितीने चौकशीचा अहवाल प्रसिद्ध केला. मॅकफर्सनने सांगितले तसे अखंड महाकाव्य कोठेही नव्हते. मात्र फिंगलविषयीची गीते डोंगराळ प्रदेशात लोकांच्या तोंडी खरोखरीच होती. पुढे १९५२ मध्ये डेरिक टॉमसन या गेलिक कवीने व पंडिताने मॅकफर्सनने कोणकोणत्या गेलिक गीतांचा आधार घेतला होता, ते तपशीलवार दाखवून दिले. म्हणजे जॉन्सनची मागणी न्याय्य होती. पण जे तोंडी जगते त्याच्याकडे कागद मागणे म्हणजे पुराव्याच्या एका जातीलाच एकमेव मानणे होय. उलटपक्षी मॅकफर्सननेही आपल्या लोकांच्या परंपरेवर अन्यायच केला. ती परंपरा जशी होती तशी मांडण्याची त्याला लाज वाटली असावी. होमरशी बरोबरी करील असे काही दाखविल्यावाचून जगात मान मिळणार नाही, या भावनेने त्याने तिला उसना पोशाख चढविला. दुबळ्या ठरविल्या गेलेल्या भाषांच्या लेखकांना ही भूल आजही पडते.

सर वॉल्टर स्कॉटने सीमाप्रदेशातील पोवाडे गोळा करून १८०२-०३ मध्ये प्रसिद्ध केले, तेव्हा हाच प्रश्न वेगळ्या रूपाने उभा राहिला. जेम्स हॉग या धनगर कवीची आई मार्गारेट लेडलॉ हिच्याकडून त्याने काही गीते मिळविली होती. हॉगने लिहून ठेवले आहे की, ती गीते छापलेली पाहून म्हातारी नाराज झाली. ती गाण्यासाठी होती, वाचण्यासाठी नव्हती. छापल्यामुळे त्यांची मोहिनी गेली, असा तिच्या म्हणण्याचा आशय होता. या अशिक्षित स्त्रीच्या तक्रारीत मौखिक वाङ्मयाचे एक संपूर्ण शास्त्र आहे. १९५१ मध्ये एडिंबरा विद्यापीठात ‘स्कूल ऑफ स्कॉटिश स्टडीज’ स्थापन झाले आणि हॅमिश हेंडरसनसारखे संग्राहक ध्वनिमुद्रणयंत्र घेऊन गावोगाव हिंडले, तेव्हा कोठे त्या तक्रारीला अंशतः उत्तर मिळाले.

पण परंपरा छापणे वेगळे आणि तिचा समारंभ करणे वेगळे. १७४६ साली कलॉडनच्या रणभूमीवर डोंगराळ कुळांचा पराभव झाल्यावर त्यांच्या पोशाखावर कायद्याने बंदी आली. ती १७८२ मध्ये उठली. पुढे १८२२ मध्ये राजा चौथा जॉर्ज एडिंबऱ्यास आला, तेव्हा स्वागताची सारी मांडणी स्कॉटने केली आणि चौकड्यांचे लोकरी टार्टन हा साऱ्या राष्ट्राचा पोशाख ठरला. सोबीस्की स्ट्युअर्ट या नावाने वावरणाऱ्या दोघा भावांनी १८४२ मध्ये जुन्या हस्तलिखिताच्या नावावर कुळवार टार्टनांचा ग्रंथ काढला. ते हस्तलिखित बनावट होते. १९८३ मध्ये ह्यू ट्रेव्हर-रोपर या इतिहासकाराने या साऱ्याचा उपहासपूर्ण पंचनामा केला. त्याचे काही निष्कर्ष पुढच्या अभ्यासकांनी वादग्रस्त ठरविले असले, तरी प्रत्येक कुळाचा ठरावीक टार्टन ही बव्हंशी एकोणिसाव्या शतकातील व्यवस्था आहे, हे आता सर्वमान्य आहे.

मात्र ‘हे बनावट आहे’ एवढे सांगून समीक्षकाचे काम संपते काय? मला तसे वाटत नाही. या बनावटीने काय झाकले, हा खरा प्रश्न आहे. स्कॉटची ‘वेव्हर्ली’ ही कादंबरी १८१४ साली निघाली आणि डोंगराळ कुळांच्या लोपलेल्या वैभवावर वाचकांनी अश्रू ढाळले. त्याच साली सदरलंडमधील स्ट्रॅथनेव्हरच्या खोऱ्यात मेंढ्यांच्या कुरणांसाठी कुळांना घरांबाहेर काढण्यात येत होते. काल्पनिक गेलिक माणूस दिवाणखान्यात येत होता. खरा गेलिक माणूस किनाऱ्याकडे व जहाजाकडे चालला होता.

या हकालपट्टीची सर्वांत हृदयद्रावक साक्ष कोणत्याही ग्रंथात नाही. ती काचेवर आहे. १८४५ च्या मे महिन्यात ग्लेनकॅल्व्ही येथून हुसकावलेल्या काही कुटुंबांनी क्रोइकच्या चर्चच्या आवारात आसरा घेतला. त्यांनी खिडकीच्या लहान लहान काचांवर बाहेरून अक्षरे ओरखडून ठेवली. ती आजही वाचता येतात. त्यांची मातृभाषा गेलिक. लेख मात्र इंग्रजीत आहेत. आणि जमीनमालकाला शाप देण्याऐवजी त्यांनी स्वतःलाच पापी म्हटले आहे. या दोन गोष्टींवर जितका विचार करावा तितका त्या समाजाचा इतिहास उलगडत जातो. आपले दुःख कोणी वाचावे यासाठी परकी भाषा हवी, आणि त्या दुःखाचे कारण आपल्याच पापात शोधावे, अशी त्यांच्या मनाची घडण कोणी केली? टार्टनच्या ग्रंथात या प्रश्नाला जागा नाही.

वंशशोधाकडेही याच दृष्टीने पाहावयास हवे. कॅनडा, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड येथे विखुरलेल्या स्कॉटिश वंशजांना आपले मूळ शोधण्याची मोठी ओढ आहे. परगण्यांच्या जुन्या नोंदवह्या, १८५५ पासूनची सरकारी जन्ममृत्यूची नोंद, तसेच सर जॉन सिंक्लेअरने प्रत्येक परगण्याच्या धर्मोपदेशकाला शेकडा दीडशेवर प्रश्न पाठवून सिद्ध केलेला एकवीस खंडांचा ‘स्टॅटिस्टिकल अकाउंट’ (१७९१-९९), ही त्यांची साधने होत. यांतून कोणी कुळाचे चिन्ह घेऊन परततो, तर कोणाला पूर्वजाचे नाव, त्याचा धंदा आणि ओसाड पडलेल्या वाडीचा पत्ता हाती लागतो. दुसऱ्याची प्राप्ती लहान, पण खरी आहे. सॉर्ली मॅक्लीन या रासे बेटावरील कवीने १९५४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ‘हॅलिग’ या गेलिक कवितेत अशाच एका उठवलेल्या वाडीतील माणसे झाडांच्या रूपाने पुन्हा उभी राहतात. आपल्या कुळाचा बाप-आजा-पणजा असा क्रम मुखोद्गत असलेल्या समाजातच ही कल्पना संभवते. येथे वंशावळ मिरवली जात नाही. तिचे काव्य होते.

मराठी वाचकाला हा वाद सर्वस्वी परका वाटू नये. आपला पहिला सविस्तर इंग्रजी इतिहास १८२६ मध्ये लिहिणारा जेम्स ग्रँट डफ हा बॅन्फ येथे जन्मलेला स्कॉटिश गृहस्थ होता. त्याने बखरी व दप्तरे तपासली. पुढे नीळकंठ जनार्दन कीर्तने यांनी त्याच्या ग्रंथाचीच परीक्षा केली, आणि राजवाड्यांनी अस्सल कागदाला बखरीहून श्रेष्ठ स्थान दिले. इतिहासाच्या दृष्टीने ते योग्यच झाले. पण बखर ही इतिहासाचे साधन म्हणून कोठे चुकते, हे कळल्यावरही तिच्या गद्याचे आणि तिच्यामागील लोकमानसाचे मोल उरतेच, हे आपल्या समीक्षेला कळावयास बराच काळ जावा लागला.

स्कॉटलाही एकाच मापाने मोजता येत नाही. राजस्वागताचा सोहळा मांडणाऱ्या याच लेखकाने हेलन वॉकर या गरीब स्त्रीच्या सत्यनिष्ठेवरून ‘द हार्ट ऑफ मिडलोथियन’मधील जीनी डीन्स घडविली, आणि पुढे आयर्नग्रे येथील तिच्या थडग्यावर दगडही बसविला. ‘ओल्ड मॉर्टॅलिटी’ या कादंबरीचे नाव त्याने रॉबर्ट पॅटर्सन या पाथरवटावरून घेतले. धर्मासाठी मारल्या गेलेल्या माणसांच्या थडग्यांवरील पुसट झालेली अक्षरे तो गावोगाव हिंडून पुन्हा खोल करीत असे. तो नवी अक्षरे कोरीत नव्हता, आणि दगड जुना झाला म्हणून फेकूनही देत नव्हता. परंपरेकडे वळणाऱ्या लेखकाकडून व समीक्षकाकडून याहून अधिक अपेक्षा करण्याचे कारण नाही. आणि याहून कमी मात्र चालणार नाही.