‘स्मृतिचित्रे’ : आशा कोणाची?

लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’ची भाषा समीक्षकांनी डोक्यावर घेतली, त्यातले धर्मांतर मात्र नजरेआड केले. 1895 साली नारायण वामन टिळकांनी बाप्तिस्मा घेतला, 1900 साली लक्ष्मीबाईंनी. सोवळे गळून पडले, कोणाच्याही हातचे पाणी त्यांना चालू लागले. हा त्यांचा नवा जन्मच.

पण आमच्या बीडला लागून असलेल्या जुन्या अहमदनगर जिल्ह्यात मिशनकडे वळले ते बहुतांशी महार, काही मांग. त्यांच्याजवळ टाकायला सोवळे नव्हते. मंडळीत त्यांना पाटी मिळाली, माणूस म्हणून हाक मिळाली. ही आशा खरीच. पण त्यांच्या हातचे पाणी गावाने घेतले काय? 1950 च्या आदेशाने त्यांची सवलत गेली, जात गेली नाही. 1990 साली बौद्धांना उघडलेले दार त्यांना आजही बंद आहे. त्यांची ‘स्मृतिचित्रे’ लिहिली गेल्याशिवाय मराठी ख्रिस्ती साहित्य अपुरेच राहील.