‘थेट’ गाण्याची हुरहुर

पन्नाशी ओलांडलेली चार संगीतप्रेमी माणसे एकत्र बसली आणि दूरदर्शनचा विषय निघाला, की एक वाक्य हमखास ऐकू येते : ‘तेव्हा टीव्हीवर खरे गाणे असायचे.’ ‘खरे’ म्हणजे नेमके काय, असे विचारले की उत्तर मिळते : ‘थेट. लाइव्ह.’ हे उत्तर तपासून पाहावे, एवढाच या लेखाचा हेतू आहे. मला वाटते, आठवण खरी आहे, पण तिला दिलेले नाव चुकले आहे. आणि नाव चुकले की आज आपण वाहिन्यांकडे जी मागणी करतो तीही चुकते.

मुंबई दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. पुढच्या वर्षी सिंहगडावरच्या केंद्रामुळे ते पुण्यापर्यंत पोहोचले. चित्र कृष्णधवल, वाहिनी एकच आणि कार्यक्रम मुख्यतः संध्याकाळचे. आमच्या चाळीत दुसऱ्या मजल्यावर एकच संच होता. दाराबाहेर चपलांचा ढीग पडे आणि उशिरा येणारा उंबऱ्यावर बसे. याच काळात आणि पुढेही अरुण काकतकरांसारख्या निर्मात्यांनी ‘शब्दांच्या पलिकडले’ हा मराठी भावसंगीताला वाहिलेला कार्यक्रम घडवला. आज ज्या पिढीला हुरहुर लागते, तिच्या मनात बहुधा असेच कार्यक्रम असतात.

आता गंमत अशी, की यातले बहुतेक गाणे थेट नव्हतेच. ते वरळीच्या स्टुडिओत आधी चित्रित होई आणि ठरलेल्या दिवशी दाखवले जाई. आपण पाहत होतो तेव्हा गायक कदाचित स्वतःच्या घरी बसून आपल्यासारखाच ते पाहत असेल. मग ‘थेट’ हा शब्द आपल्या तोंडी आला कुठून?

त्याचे उत्तर त्या काळच्या कामाच्या पद्धतीत आहे. चित्रफितीचे संपादन तेव्हा किचकट आणि खर्चाचे होते. त्यामुळे सोयीचा मार्ग म्हणजे गाणे पहिल्या सुरापासून शेवटच्या समेपर्यंत एका दमात गाऊन घ्यायचे. दोन-तीन कॅमेरे लावायचे आणि कोणता कॅमेरा केव्हा दाखवायचा हे नियंत्रण कक्षात तिथल्या तिथे ठरवायचे. एखादा सूर जरा खाली लागला, तर तो तसाच राही. म्हणून मला तीन प्रकार वेगळे करावेसे वाटतात. गाणे चालू असतानाच प्रेक्षकापर्यंत पोहोचते ते ‘थेट’. आधी चित्रित झालेले पण एका दमात गायलेले ते ‘सलग’. आणि तुकडे जोडून, सूर दुरुस्त करून तयार केलेले ते ‘जुळवलेले’. आपण आठवण काढतो ती सलग गाण्याची, आणि तिला थेट म्हणतो.

या सलगपणात पाहणाऱ्याला जे मिळे ते मोलाचे होते. अंतरा सुरू होण्याआधी गायिका पेटीवाल्याकडे पाहते, तो मान हलवतो, तबलजी तुकडा आवरता घेतो. दोन माणसांमधला हा व्यवहार ध्वनिमुद्रिकेवर ऐकू येत नाही. तो पाहावा लागतो, आणि त्यासाठी कॅमेरा पुरेसा वेळ एका जागी थांबावा लागतो. शिकणाऱ्या मुलांना श्वास कुठे घ्यायचा आणि तोंड किती उघडायचे हे तिथे दिसे. जिथे मैफली होत नसत अशा गावांत तर ही एक प्रकारची शिकवणीच होती.

२ ऑक्टोबर १९९२ रोजी, मुंबई केंद्राला बरोबर वीस वर्षे पूर्ण झाली त्या दिवशी, झी वाहिनी सुरू झाली. १९९५मध्ये गजेंद्र सिंग यांचा ‘सा रे ग म’ आला. सोनू निगम त्याचा सूत्रधार होता. १९९९मध्ये अल्फा मराठी अवतरली आणि तिच्यावरच्या ‘नक्षत्रांचे देणे’ने एकेका कवीचे, संगीतकाराचे काम रंगमंचावर मांडले. कार्यक्रमाचे नावही आरती प्रभूंच्या कवितासंग्रहाचे. हुरहुरीचा दुसरा टप्पा या कार्यक्रमाभोवती आहे, आणि तोही चित्रितच होता.

२००४मध्ये सोनीवर ‘इंडियन आयडॉल’ सुरू झाले. प्रेक्षकांच्या मतांवर मुंबईचा अभिजीत सावंत विजेता ठरला. त्याच वाटेने मराठीत ‘सा रे ग म प लिटिल चॅम्प्स’ आले आणि २००९च्या फेब्रुवारीत कार्तिकी गायकवाड विजेती झाली. या पर्वाकडे नाक मुरडणे सोपे आहे. मला ते अन्यायाचे वाटते. अभंग, नाट्यपदे, भावगीते त्या पाच मुलांनी अशा घरांत नेली, जिथे ती विसरली गेली होती. शिवाय वादक मंचावर बसलेले होते आणि मुले त्यांच्या साथीने गात होती. म्हणजे ‘थेट साथ नसते’ ही तक्रार इथे टिकत नाही.

मग फरक कुठे पडला? फरक पडला तो कापणीत. मूल मुखडा घेते आणि चित्र परीक्षकाच्या चेहऱ्यावर जाते. तान सुरू होते आणि आपल्याला आईचे भरून आलेले डोळे दिसतात. समेवर टाळ्या वाजवणारे प्रेक्षक दिसतात, तबलजीचा हात दिसत नाही. गाणे ऐकून आपल्याला काय वाटावे हे दुसऱ्या कुणाच्या तरी चेहऱ्याने आधीच सांगून टाकलेले असते. गाणे मग एका कथेतला पुरावा होऊन बसते. कथा कष्टाची, संधीची, निकालाची; आणि पुरावा जेवढा लागतो तेवढाच दाखवला जातो. माझा आक्षेप स्पर्धेला नाही. गाण्यावरून नजर काढून घेण्याला आहे.

या मुद्द्याला दूरची एक साक्षही आहे. बीबीसीचा ‘टॉप ऑफ द पॉप्स’ १९६४च्या पहिल्या दिवशी सुरू झाला आणि त्याचे साप्ताहिक प्रसारण २००६च्या जुलैत थांबले. ब्रिटिश माणूस त्याच्या आठवणीने हळवा होतो. त्या कार्यक्रमात कलावंत बहुतेक वेळा तयार ध्वनिमुद्रणावर नुसते ओठ हलवीत! तरीही हुरहुर लागतेच. कारण ठरलेल्या संध्याकाळी सारा देश एकच गोष्ट पाहत असे. म्हणजे या आठवणीत गाण्याइतकाच वाटा एकत्र वेळ घालवण्याचा असतो.

इथे आपल्या आठवणीलाही दोन प्रश्न विचारले पाहिजेत. एकच सरकारी वाहिनी असताना कोण दिसत होते आणि कोण नाही? भावगीत आणि शास्त्रीय संगीत यांना स्टुडिओत मानाची बैठक मिळाली. लावणी, गोंधळ, भारूड यांच्या वाट्याला बहुधा ‘लोककला’ नावाचा वेगळा कोपरा आला. दुसरा प्रश्न जतनाचा. बीबीसीने त्या कार्यक्रमाच्या साठच्या दशकातल्या बहुतेक फिती पुसल्या. आपल्याकडेही महागड्या फितींवर पुन्हा चित्रण करण्याच्या काटकसरीत बरेच काही गेले. जे उरले ते आज मोबाइलवर येते तेव्हा अनेकदा ना तारीख असते, ना संवादिनीवर कोण आहे याचा उल्लेख. ज्या साथीदारांमुळे ते गाणे सलग उभे राहिले, त्यांचीच नावे आपण हरवून बसलो आहोत. हळवे होताना याची लाज वाटायला हवी.

कुणी म्हणेल, आता तर तीन तासांची मैफल न कापता यूट्यूबवर मिळते, मग रडगाणे कशाला? आक्षेप रास्त आहे. मात्र तिथे थांबवण्याची कळ आपल्याच बोटाखाली असते. विलंबित ख्याल पाच मिनिटांत पुढे ढकलणारा हात माझाही आहे. चाळीतल्या त्या खोलीत ती सोय नव्हती, आणि उठून जायचे तर पंधरा माणसांना ओलांडून जावे लागे. गाण्याच्या वाट्याला आलेला आपला धीर काही अंशी या अडचणीनेच राखला होता.

तेव्हा मागणी ‘लाइव्ह’ची नको. संग्रहातल्या प्रत्येक फितीला तारीख आणि साथीदारांची नावे द्या. आठवड्यातून एक गाणे न कापता दाखवा, मग ते आधी चित्रित केलेले असले तरी चालेल. आणि गाणे संपल्यावर जरा थांबा. जुन्या स्टुडिओत प्रेक्षक नसत, म्हणून टाळ्याही नसत. शेवटचा सूर विरे, तंबोरा आणखी दोन-तीन आवर्तने वाजत राही, गायिका मान खाली घालून बसलेली दिसे. आमच्या खोलीतही तेवढा वेळ कुणी बोलत नसे.