विश्वासाचा पत्रव्यवहार

ऑगस्ट १९७९ मध्ये नॉर्थ कॅरोलायनातल्या रॉली इथल्या न्यायालयात डॉ. जेफ्री मॅकडोनल्ड दोषी ठरला. गरोदर पत्नी आणि दोन लहान मुली यांच्या खुनाबद्दल त्याला तीन जन्मठेपा झाल्या. त्यानंतर थोड्याच दिवसांत तुरुंगात त्याला एका मित्राचं पत्र आलं. पत्रात हळहळ होती, संताप होता. तुला न्याय मिळालेला नाही हे कोणा तिऱ्हाइतालाही चटकन कळेल, असा दिलासा होता. लिहिणारा होता जो मॅकगिनिस, पत्रकार आणि लेखक. खटला ऐकता ऐकता त्याची खात्री पटत चालली होती, की खून याच माणसाने केले. तरीही पुढची जवळजवळ चार वर्षं त्याची पत्रं जात राहिली.

जॅनेट माल्कमचं ‘द जर्नलिस्ट अँड द मर्डरर’ हे छोटेखानी पुस्तक या पत्रांभोवती उभं आहे. मार्च १९८९ मध्ये ते ‘न्यूयॉर्कर’मध्ये दोन भागांत छापून आलं आणि १९९० मध्ये पुस्तकरूपाने. त्याचं पहिलं वाक्य अतिशय गाजलं. पत्रकाराच्या कामाचं नैतिक समर्थन होऊ शकत नाही, असा निवाडा ते सुरुवातीलाच देऊन टाकतं. मला वाटतं, या वाक्याच्या प्रसिद्धीने पुस्तकाचं नुकसान झालं. ते वाक्य पाठ असलेल्या अनेकांना पुस्तक वाचल्यासारखंच वाटतं, आणि पुढची पानं त्या निवाड्याला किती वेगवेगळ्या बाजूंनी तपासतात हे त्यांच्यापर्यंत पोचतच नाही.

मूळ घटना १७ फेब्रुवारी १९७०ची. फोर्ट ब्रॅगच्या लष्करी वसाहतीत मॅकडोनल्ड सैन्यातला डॉक्टर होता. घरात शिरलेल्या हिप्पींच्या टोळक्याने खून केले, असं त्याने सांगितलं. लष्कराच्या चौकशीत आरोप टिकले नाहीत. तो कॅलिफोर्नियाला गेला आणि लाँग बीचच्या एका रुग्णालयात तातडीच्या उपचारांच्या विभागात नावारूपाला आला. खटला उभा राहायला नऊ वर्षं लागली. त्याच्या तोंडावर, १९७९च्या जूनमध्ये, मॅकगिनिस त्याला भेटला आणि करार झाला. मॅकगिनिसने बचाव पक्षाच्या वकिलांबरोबर त्यांच्यातलाच एक होऊन राहायचं आणि पुस्तक लिहायचं; पैशांत मॅकडोनल्डचा हिस्सा. आयुष्याच्या कहाणीचा गाभा शाबूत राहिला, तर बदनामीचा दावा लावणार नाही, असं मॅकडोनल्डने लिहून दिलं. दोघं एका छपराखाली राहिले, बरोबर धावायला गेले, बिअर प्याले.

पुढे तुरुंगातून मॅकडोनल्डने आपली जीवनकथा टेपवर बोलून मॅकगिनिसला पाठवली. आपलं घर आणि घरातली कागदपत्रं त्याला मोकळी करून दिली. १९८३ मध्ये मॅकगिनिसचं पुस्तक ‘फेटल व्हिजन’ आलं. त्यात टेपवरचा तो आवाज प्रकरणाप्रकरणांतून ऐकू येतो, पण लेखकाने रंगवलेला माणूस आत्ममग्न, भावनाशून्य, मनोविकृत खुनी आहे. मॅकडोनल्डला हे कळलं ते ‘सिक्स्टी मिनिट्स’ या दूरचित्रवाणी कार्यक्रमाच्या मुलाखतीत. कॅमेरा चालू होता आणि मुलाखतकार माइक वॉलेस पुस्तकातले उतारे वाचून दाखवत होता. केसाने गळा कापणं म्हणतात, ते हेच.

मॅकडोनल्डने फसवणुकीचा दावा लावला. १९८७ मध्ये लॉस एंजेलिसला तो चालला आणि सहा ज्यूरींपैकी पाच जण तीन खुनांची शिक्षा भोगणाऱ्या कैद्याच्या बाजूला झुकले. एकमत झालं नाही. शेवटी मॅकगिनिसच्या पक्षाने ३,२५,००० डॉलर देऊन तडजोड केली. त्याचा वकील डॅनियल कॉर्नस्टीन याचं म्हणणं, हा वृत्तपत्रस्वातंत्र्यावरचा हल्ला आहे. विल्यम बकली आणि जोसेफ वॉम्बॉ या नामवंत लेखकांनी साक्ष दिली. समोरच्याला बोलतं ठेवण्यासाठी खोटी सहमती दाखवावी लागते, असा त्यांचा सूर होता. वॉम्बॉने तर खोटं बोलणं आणि असत्य सांगणं यांत फरक करून दाखवला. माल्कम या साक्षींवर जवळजवळ भाष्य करत नाही. माणसं आपल्या बचावासाठी जे बोलतात तेच त्यांना उघडं पाडतं, हे तिला पक्कं ठाऊक आहे आणि म्हणून ती त्यांना बोलू देते.

पत्रांच्या बाबतीतही तेच. तिने ती सलग अवतरणांत मांडली आहेत. वाचताना आधी मॅकगिनिसचा राग येतो, मग काहीतरी अस्वस्थ करणारं जाणवू लागतं: ही पत्रं नुसती खोटी वाटत नाहीत. त्यांत मैत्रीची सवय आहे, एकत्र काढलेल्या दिवसांची ऊब आहे. आपल्या मताशी आणि आपल्या मित्राशी एकाच वेळी इमान राखू न शकलेला माणूस ओळीओळीतून दिसतो. तो साधा लबाड असता, तर हे पुस्तक एका लेखात संपलं असतं. लबाडी आणि आपुलकी एकाच शाईत कशी उतरते, हे दाखवण्यात माल्कमचं खरं कसब आहे.

आणि मॅकडोनल्ड? तो इतका का बोलला? आपली कहाणी कोणी तरी मन लावून ऐकतंय, या सुखापुढे माणूस सावधपणा विसरतो. माल्कमचे वडील मनोविकारतज्ज्ञ होते आणि मनोविश्लेषण हा तिचा जुना विषय. ती म्हणते, मुलाखत देणारा लेखकासमोर लहान मूल होतो. ऐकणारा त्याला सगळं पोटात घालणाऱ्या आईसारखा भासतो आणि पुस्तक मात्र लिहितो तो कठोर बाप. आरोपीच्या बाबतीत हे आणखी खोल जातं. न्यायालयाने ज्याची गोष्ट नाकारली, त्याला लेखक हा शेवटचा न्यायाधीश वाटतो.

मला सर्वांत आवडणारी जागा तुरुंगातली आहे. माल्कम मॅकडोनल्डला भेटायला जाते. तो तिच्यासमोर पिठीसाखर लावलेले डोनट खातो, आणि ती त्याच्या बोटांकडे बघत राहते: तुकडा मोडतानाची नाजूक सफाई, साखर न सांडण्याची काळजी. हे हात सर्जनचे आहेत की खुन्याचे, असा प्रश्न ती विचारत नाही. वाचकाच्या मनात तो आपोआप उठतो आणि आपल्याच कुतूहलाची शरम वाटते. शिवाय ती एक अवघड गोष्ट बोलून दाखवते: पात्र म्हणून मॅकडोनल्ड फिका आहे. काही माणसं बोलता बोलता स्वतःची कादंबरी रचत जातात, हा त्यांतला नाही. मॅकगिनिसच्या हाती भयंकर गुन्हा होता, पण त्याच्या तोलाचा माणूस नव्हता. मनोविकृतीवरच्या ग्रंथांतून त्याने तो तोल भरून काढला, असं तिचं निदान आहे. ‘इन कोल्ड ब्लड’मध्ये खऱ्या खुनांची कहाणी लिहिणाऱ्या ट्रूमन कपोटीला असा माणूस मिळाला होता, खुन्यांपैकी एक असलेला पेरी स्मिथ. पण स्मिथ आणि त्याच्या साथीदाराला एप्रिल १९६५ मध्ये फाशी होईपर्यंत ‘इन कोल्ड ब्लड’ला शेवट सापडेना. ज्याच्या मरणाची वाट पाहावी लागते, त्याच माणसाशी मैत्री करणं, ही या लेखनप्रकाराच्या मुळाशी बसलेली क्रूरता आहे.

स्वतःला माल्कम यातून सोडत नाही. मॅकगिनिस तिला एकदा भेटला आणि मग त्याने बोलणं थांबवलं. ज्याने इतरांना बोलतं केलं, तो स्वतः त्या जागी बसायला तयार नव्हता. तिच्या आधीच्या ‘इन द फ्रॉइड आर्काइव्ह्ज’ या पुस्तकावरून, ज्याच्याविषयी ते होतं त्या जेफ्री मॅसनने तिच्यावर बदनामीचा दावा लावला होता, आणि ‘न्यूयॉर्कर’च्या लेखात त्याचा उल्लेख नाही म्हणून टीकाकारांनी तिला घेरलं. पुस्तकाच्या शेवटी जोडलेल्या टिपणात ती याला उत्तर देते. तिथे ती बातमीदारीतल्या ‘मी’बद्दल लिहिते, की तो आत्मचरित्रातल्या ‘मी’सारखा नसतो, कामापुरता घडवलेला असतो. उत्तर हुशार आहे, पण मला ते पुरेसं वाटत नाही. तो दावा चालू होता हे मूळ लेखात एका वाक्यात आलं असतं, तर तिच्या युक्तिवादाला बळच मिळालं असतं.

आणखी एक गोष्ट खटकते. मॅकडोनल्ड तिला खटल्याच्या कागदांचे गठ्ठे पाठवत राहतो. ती ते चाळते, आणि कागद स्वतःहून काहीच सिद्ध करत नाहीत, या निष्कर्षाशी येऊन थांबते. वाचनाच्या पातळीवर हा निष्कर्ष मला पटतो. मॅकगिनिसने नेमकं उलट केलं, कागदांना हवं ते बोलायला लावलं. पण चित्रपट दिग्दर्शक एरॉल मॉरिसने २०१२ मध्ये ‘अ विल्डरनेस ऑफ एरर’ लिहून हा खटला पुन्हा उकरला, तेव्हा त्याने याच जागी बोट ठेवलं: खून कोणी केले याला एक उत्तर आहे आणि ते शोधावंच लागतं. इथे मी मॉरिसच्या बाजूने आहे. निर्दोष असेल तर मॅकडोनल्डला त्या उत्तराची गरज आहे. दोषी असेल तर गेलेल्या तिघींना. त्या तिघी माल्कमच्या पुस्तकात जवळजवळ नाहीत. दोन पुरुषांमधल्या विश्वासघाताची इतकी बारीक चिकित्सा करताना तिने त्यांच्याकडे पाठ फिरवली, आणि ‘फेटल व्हिजन’मध्ये, त्याच्या सगळ्या दोषांसह, त्या निदान घरात वावरताना दिसतात. मॅकगिनिसची पत्रं वाचून त्याच्यावर चिडलेल्या वाचकाने हे श्रेय त्याला द्यायलाच हवं.