सत्रान्ती पुसलेली संहिता : मूडलच्या रूपांतराविषयी

मुक्तस्रोत अध्ययनप्रणालीचे रूपांतर म्हणजे पडद्यावरील शब्दांचे भाषांतर, असा समज आपल्या विद्यापीठांत रूढ आहे. ‘असाइनमेंट’ला ‘स्वाध्याय’ म्हटले की काम संपले! वस्तुतः लेखक कोण आणि लिहिलेले किती काळ टिकावे, यांविषयीची एक भूमिका प्रत्येक प्रणालीत गृहीत असते. रूपांतर व्हावयास हवे ते या भूमिकेचे.

मार्टिन डुगियामास यांनी ऑस्ट्रेलियात घडवलेल्या मूडलची पहिली आवृत्ती २००२ साली आली. ज्ञान समूहाने मिळून रचावयाचे असते, ही सामाजिक रचनावादी धारणा तिच्या मुळाशी आहे. वीण मात्र वर्गखोलीची. तिच्यातील शब्दसंग्रहात विद्यार्थ्याने लिहिलेली नोंद शिक्षकाच्या मान्यतेनंतरच इतरांस दिसेल, अशी तजवीज करता येते. यात आक्षेपार्ह काही नाही. संपादन म्हणतात ते हेच. खरी अडचण सत्र संपल्यावर येते. ‘रीसेट’ ही आज्ञा अभ्यासक्रमाचा सांगाडा राखून विद्यार्थ्यांच्या नोंदी, चर्चा आणि विकीपाने पुसून टाकू शकते. पुढील तुकडीच्या हाती कोरी पाटी. जीपीएल परवान्याचे संरक्षण आज्ञावलीला आहे, तिच्यात लिहिल्या गेलेल्या मजकुराला नाही, हेही येथे ध्यानात घ्यावे.

शके १५०६ मध्ये एकनाथांनी ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली व पुढील प्रक्षेपांना मज्जाव केला. वगळलेले प्रक्षेप शोधावयाचे तर आज अभ्यासकाला हस्तलिखितेच धुंडाळावी लागतात. २००६ साली सुरू झालेल्या विकिव्हर्सिटीत पानाच्या इतिहासात प्रक्षेपही राहतो आणि त्याचे निराकरणही. रीसेटला एकनाथांची उपमा देणे अन्यायाचे होईल. तेथे शुद्धाशुद्धाचा विचारच नसतो. पण विकिव्हर्सिटीत स्मृती असली, तरी ठरावीक तुकडी आणि तिचे सहाध्यायी बांधून ठेवणारी वर्गाची चौकट नाही.

म्हणून मूडलमधील नोंदी एक्सएमएल रूपात बाहेर काढून खुल्या परवान्याच्या विकीवर न्याव्यात, आणि पुढील तुकडीचा पहिला स्वाध्याय आधीच्या नोंदीचे संशोधन हाच असावा. मात्र विसाव्या वर्षीचे कच्चे लेखन जन्मभर सार्वजनिक राहावे, असे प्रत्येकाला वाटेलच असे नाही. पुसण्यात एक दया असते, हे मी वर्गात अनेकदा पाहिले आहे. तेव्हा विद्यार्थ्याची संमती सत्रारंभीच, गुणांशी संबंध न ठेवता घ्यावी लागेल. टोपणनावाची मुभाही हवी.