मोठ्या आतड्याच्या कर्करोगातील प्रथिन-दर्शक : एक चिकित्सा

मोठे आतडे व गुदाशय यांच्या कर्करोगात रोगाच्या पुढील वाटचालीचे अनुमान देणाऱ्या प्रथिनांचा शोध सुमारे सहा दशके सुरू आहे. प्रस्तुत लेखात अशा तीन दर्शकांची चिकित्सा केली आहे. दर्शक आणि रुग्णाचे आयुर्मान यांत सांख्यिकीय संबंध आढळला, एवढ्याने तो उपयुक्त ठरत नाही. त्यामुळे उपचाराचा कोणता निर्णय बदलतो, हाच खरा निकष होय.

सीईए हे प्रथिन १९६५ मध्ये माँट्रियल येथे फिल गोल्ड व सॅम्युएल फ्रीडमन यांनी वर्णिले. निदानाची चाचणी म्हणून ते अपुरे ठरले. धूम्रपान करणाऱ्यांत व यकृतविकारातही ते वाढते, तर प्रारंभिक कर्करोगात अनेकदा सामान्यच राहते. शस्त्रक्रियेनंतर मात्र त्याची चढती पातळी रोग उलटल्याची सूचना देते.

पी-५३ संबंधी शोधनिबंध विपुल असूनही निष्कर्ष परस्परविरोधी आहेत. रंजनासाठी वापरलेली प्रतिपिंडे निराळी, 'सकारात्मक' ठरविण्याची मर्यादाही निराळी. अशा अभ्यासांच्या मांडणीत शिस्त यावी म्हणून २००५ मध्ये 'रिमार्क' ही मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध झाली.

याउलट एमएलएच-१, एमएसएच-२, एमएसएच-६ व पीएमएस-२ ही डीएनएतील चुका दुरुस्त करणारी प्रथिने निकषास उतरतात. सुमारे १५ टक्के गाठींत ही दुरुस्ती-यंत्रणा निकामी असते. दुसऱ्या टप्प्यात अशा रुग्णांचे पूर्वानुमान चांगले असते व केवळ फ्लुओरोयुरॅसिलचा लाभ दिसत नाही. पसरलेल्या रोगात मात्र प्रतिकारशक्तीवर आधारित उपचारांचा मार्ग खुला होतो.

तथापि निर्णय बदलणे व तो अमलात येणे यांत अंतर आहे. पालघर जिल्ह्यातील दातिवरे या किनारी गावच्या रुग्णाला परळच्या टाटा स्मारक रुग्णालयात जायचे, तर आधी सफाळे स्थानक गाठावे लागते. तपासणीचा दिवस म्हणजे बुडालेली मजुरी. सीईएची तपासणी दर काही महिन्यांनी करावी लागते. रक्त गावाजवळ घेता येईल. परंतु निरनिराळ्या पद्धतींनी आलेले आकडे परस्परांशी ताडता येत नाहीत. मध्येच प्रयोगशाळा बदलल्यास खोटी वाढ किंवा खोटा दिलासा संभवतो. दुरुस्ती-प्रथिनांची तपासणी मात्र काढलेल्या गाठीवर एकदाच होते. तिच्यासाठी ऊतक वेळेत फॉर्मॅलिनमध्ये पडणे आवश्यक असते.

सारांश, नव्या दर्शकांची यादी वाढविण्यापेक्षा सिद्ध झालेले दर्शक शेवटच्या गावातील रुग्णापर्यंत अचूक व सातत्याने पोहोचविणे अधिक निकडीचे आहे.