कोरे पान आणि त्याचा हिशेब

विज्ञान शिक्षकांच्या एका शिबिरात मध्यंतरी व्याख्यानासाठी गेलो होतो. समारोपाच्या वेळी संयोजकांनी संकेतस्थळाचा पत्ता दिला आणि अभिप्रायाचा फॉर्म आपापल्या मोबाइलवर भरायला सांगितले. फॉर्म अगदी साधा होता. नाव, शाळा, तालुका आणि चार प्रश्न. माझ्या शेजारी बसलेल्या गुरुजींच्या फोनवर मात्र पांढराशुभ्र पडदा दिसत होता. "सर, माझं नेट गेलं की काय?" त्यांनी विचारले. नेट गेले नव्हते, कारण त्याच वेळी त्यांच्या फोनवर निरोप येत होते. सभागृहात असे सात-आठ जण निघाले. शेवटी त्यांनी कागदावर अभिप्राय लिहून दिला आणि "आम्हाला हे नवीन जमत नाही" असे म्हणत ते निघून गेले.

हे वाक्य माझ्या मनात राहिले. फॉर्म भरता आला नाही हा दोष त्यांनी स्वतःकडे घेतला होता. त्या रात्री मी त्या पानाचा मूळ मजकूर उघडून पाहिला. त्यात नाव नव्हते, शाळा नव्हती, प्रश्नही नव्हते. होती ती फक्त एक रिकामी चौकट आणि तिच्याखाली 'पुढील प्रोग्रॅम आणा आणि चालवा' अशा अर्थाची एक आज्ञा. पान कोरेच पाठवले होते. त्यावर मजकूर उमटवण्याचे काम वाचकाच्या फोनवर सोपवले होते आणि काही फोनांना ते पेलले नव्हते.

वेब पानांचा वाचकासमोर येणारा भाग तयार करण्याच्या आजच्या पद्धतीवर माझी जी टीका आहे, तिचे मूळ या रिकाम्या चौकटीत आहे.

मूळ रचना

टिम बर्नर्स-ली यांनी १९८९ मध्ये जिनिव्हाजवळच्या 'सर्न' या प्रयोगशाळेत वेबची कल्पना मांडली. निरनिराळ्या देशांतले शास्त्रज्ञ निरनिराळे संगणक वापरत आणि एकाचे कागद दुसऱ्याच्या यंत्रावर उघडत नसत, ही त्यांची अडचण होती. यावर काढलेला उपाय साधा होता. मजकूर पाठवायचा आणि त्यात हे शीर्षक, हा परिच्छेद, हा दुवा अशा खुणा करायच्या. ते कसे दाखवायचे हे वाचणाऱ्याच्या यंत्राने ठरवायचे. या खुणांची भाषा म्हणजे एचटीएमएल. पुढे १९९४ मध्ये होकॉन वीउम ली यांनी रंग, आकार व मांडणीसाठी सीएसएस ही स्वतंत्र भाषा सुचवली. १९९५ मध्ये नेटस्केप कंपनीत ब्रेंडन आइक यांनी जावास्क्रिप्टचा पहिला नमुना दहा दिवसांत तयार केला. पानावर थोडीफार हालचाल आणण्यासाठी ती भाषा होती.

या तीन भाषांमधला एक फरक फार महत्त्वाचा आहे. एचटीएमएलमधली एखादी खूण ब्राउझरला कळली नाही, तर तो ती सोडून देतो आणि आतला मजकूर दाखवतो. सीएसएसमधली एखादी सूचना कळली नाही, तर तेवढीच वगळतो. जावास्क्रिप्टचे तसे नाही. प्रोग्रॅम अर्धवट पोचला, किंवा जुन्या ब्राउझरला त्यातले एखादे नवे चिन्ह वाचता आले नाही, तर तो सबंध प्रोग्रॅम अडतो. पहिल्या दोन भाषा चुका पोटात घालतात, तिसरी घालत नाही. साहजिकच शहाणपणाचा क्रम असा की आधी मजकूर, मग सजावट आणि सर्वांत वर हालचाल. वरचा थर कोसळला तरी खालचा उभा राहतो. बर्नर्स-लींचे १९९१ चे पहिले पान आजच्या फोनवरही उघडते, ते यामुळेच.

एकशिक्षकी शाळा

आजच्या अनेक पानांत हा क्रम उलटा झाला आहे. सगळ्यात आधी जावास्क्रिप्ट येते आणि ती मजकूर मागवून वाचकाच्या यंत्रावर पान रचते.

यात बिघडले कुठे, हे कळण्यासाठी ब्राउझरच्या आत डोकावले पाहिजे. पान रचणे, जावास्क्रिप्ट चालवणे आणि बोटाच्या स्पर्शाला उत्तर देणे ही कामे बहुतांशी एकाच धाग्यावर, एकापाठोपाठ एक होतात. एकशिक्षकी शाळेसारखाच हा प्रकार आहे. गुरुजी हजेरीपत्रक भरत असले की पहिलीची मुले थांबतात आणि चौथीचीही थांबतात. गुरुजी हुशार आहेत, पण एकटे आहेत. म्हणूनच ५०० किलोबाइटांचे छायाचित्र आणि ५०० किलोबाइटांची जावास्क्रिप्ट यांचे ओझे सारखे नसते. छायाचित्र उलगडून पडद्यावर मांडले की झाले. जावास्क्रिप्ट वाचावी लागते, तिचे यंत्रभाषेत रूपांतर करावे लागते आणि मग ती चालवावी लागते. महागड्या फोनवर हे काम क्षणात उरकते. स्वस्त फोनवर त्याला कित्येक सेकंद लागतात आणि तेवढा वेळ पडदा गोठल्यासारखा दिसतो.

'एचटीटीपी आर्काइव्ह' हा प्रकल्प लक्षावधी संकेतस्थळांची नियमित मोजदाद करतो. २०२४ च्या त्याच्या आकड्यांनुसार मोबाइलवर येणाऱ्या मुखपृष्ठाच्या वजनाचा मध्यक सुमारे २३०० किलोबाइट होता. त्यात जावास्क्रिप्ट सुमारे ५५० किलोबाइट होती. आता हे आकडे आपल्या लिपीशी ताडून पाहू. यूनिकोडच्या यूटीएफ-८ या रूढ पद्धतीत देवनागरीच्या एका चिन्हाला ३ बाइट लागतात. तुम्ही वाचत असलेला हा संपूर्ण लेख ३० किलोबाइटांच्या आसपास बसेल. सेकंदाला १ मेगाबिट, म्हणजे १२५ किलोबाइट, एवढा वेग मिळत असेल तर हा लेख पाव सेकंदात पोचेल. मध्यक वजनाच्या पानाला १८ सेकंदांहून अधिक लागतील. तालुक्याच्या गावी, संध्याकाळी, जेव्हा सगळे गाव नेटवर असते तेव्हा एवढा वेगही कित्येकदा मिळत नाही.

मोजल्याशिवाय बोलू नये

यावर व्यावसायिकांचे ठरलेले उत्तर असते, "आजकाल जावास्क्रिप्ट कोण बंद ठेवतो?" ब्रिटनच्या सरकारी डिजिटल सेवेने २०१३ मध्ये हा प्रश्न प्रयोगाने तपासला. हा प्रयोग वर्गात सांगावा इतका सुबक आहे.

त्यांनी सरकारी संकेतस्थळाच्या मुखपृष्ठावर तीन अदृश्य चित्रांची सोय केली. पहिले चित्र प्रत्येक ब्राउझर मागवील असे होते. दुसरे जावास्क्रिप्ट चालली तरच मागवले जाईल असे होते. तिसरे जावास्क्रिप्ट बंद असेल किंवा ब्राउझरला येतच नसेल तरच मागवले जाणार होते. सगळे सुरळीत असेल तर दुसऱ्या व तिसऱ्या चित्रांच्या मागण्यांची बेरीज पहिल्याइतकी भरली पाहिजे. पाच लाखांहून अधिक भेटींची नोंद झाली आणि बेरीज जुळली नाही. ०.२ टक्के भेटींत जावास्क्रिप्ट बंद होती किंवा नव्हतीच. आणखी ०.९ टक्के भेटींत ती चालायला हवी होती, पण चालली नाही. संपर्क मध्येच तुटणे, एखाद्या कार्यालयाच्या जाळ्याने फाइल अडवणे, पान पुरते येण्याआधीच वाचक निघून जाणे, अशी अनेक कारणे संभवतात. एकूण प्रमाण दर ९३ भेटींत १ असे पडले.

हा ब्रिटनचा आणि २०१३ चा आकडा आहे. तो जसाच्या तसा आपल्याकडे लावणे शास्त्राला धरून होणार नाही. पण प्रमाणाचा अंदाज घ्यायला हरकत नाही. महाराष्ट्रात दहावीच्या परीक्षेला दरवर्षी सुमारे १५ लाख विद्यार्थी बसतात. त्यांच्यासाठी केलेले पान शंभरातल्या एकाला कोरे दिसले, तरी ती १५ हजार मुले होतात. आणि ती कोणती मुले असतील, हे शिक्षकांना सांगायला नको.

एक गोष्ट मात्र मोजण्याच्याही आधीची आहे. पान तयार करणारा माणूस ते नव्या लॅपटॉपवर, कार्यालयाच्या वेगवान जोडणीवर तपासतो. एखादे औषध फक्त धडधाकट माणसांवर तपासावे आणि आजाऱ्यांना द्यावे, तसे हे आहे.

अकरा ओळींचा धडा

दुसरी टीका परावलंबनाची आहे. आजचा प्रोग्रॅमर बहुतेक भाग आयते आणतो. 'एनपीएम' नावाच्या सामायिक कोठारात असे असंख्य तुकडे आहेत. एक तुकडा दुसऱ्यावर, दुसरा तिसऱ्यावर विसंबतो. त्यातला 'लेफ्ट-पॅड' हा तुकडा अवघ्या अकरा ओळींचा होता. एखाद्या शब्दाच्या किंवा संख्येच्या डावीकडे ठरावीक लांबी होईपर्यंत चिन्हे भरणे, एवढेच त्याचे काम. परीक्षा क्रमांक ७ चे आपण ००७ करतो, तसे. मार्च २०१६ मध्ये एका वादातून त्याच्या लेखकाने तो कोठारातून काढून घेतला आणि जगभरातल्या प्रकल्पांची बांधणी एकाएकी अडली. काही तासांतच कोठाराच्या चालकांनी तो परत ठेवला. अकरावीतला विद्यार्थी तासाभरात लिहील त्या अकरा ओळींचे आपण बांधील आहोत, हे अनेक अनुभवी लोकांना त्या दिवशी प्रथमच कळले.

तिसरी टीका अशी, की आयत्या सोयीकडे पाठ फिरवली जाते. एचटीएमएलमध्ये बटणासाठी वेगळी खूण आहे. ती वापरली की बटण कळफलकाने दाबता येते, आणि दृष्टिहीनांसाठी पडदा वाचून दाखवणारा प्रोग्रॅम 'हे बटण आहे' असे सांगतो. यासाठी काहीच खर्च नाही. तरीही पुष्कळ ठिकाणी साध्या चौकटीला रंग देऊन ती बटणासारखी दिसेल एवढेच केले जाते. डोळसाला फरक कळत नाही. दृष्टिहीन विद्यार्थ्याच्या लेखी तिथे बटणच नसते. अमेरिकेतील 'वेबएम' ही संस्था दरवर्षी दहा लाख मुखपृष्ठे तपासते. २०२५ च्या तपासणीत त्यांतल्या ९४.८ टक्के पानांत अशा प्रकारचे, यंत्रालाही सापडतील असे दोष निघाले.

मग साधने वाईट का?

तसे म्हणणे अन्यायाचे होईल. फेसबुकने २०१३ मध्ये खुल्या केलेल्या 'रिॲक्ट'ने एक खरा प्रश्न सोडवला. पडद्यावर एकच माहिती पाच ठिकाणी दिसत असेल तर ती पाचही ठिकाणी हाताने बदलावी लागे, आणि एखादे ठिकाण हमखास राहून जाई. रिॲक्टमध्ये माहिती अशी असेल तर पडदा असा दिसावा, एवढेच सांगायचे. काय बदलायचे ते साधन स्वतः शोधते. नकाशे, हिशेबाची कोष्टके, अनेकांनी मिळून लिहायचे दस्तऐवज यांना अशी साधने हवीतच.

शिक्षकांच्या परिचयाचे उदाहरण 'फेट' या अनुकृतींचे आहे. अमेरिकेतील कोलोरॅडो विद्यापीठात २००२ मध्ये कार्ल वीमन यांनी हा प्रकल्प सुरू केला. आधीच्या अनुकृती जावा आणि फ्लॅशमध्ये होत्या. फ्लॅशचा आधार २०२० अखेर संपला आणि जगभरचे कितीतरी शैक्षणिक साहित्य एका फटक्यात निकामी झाले. फेटने मात्र आपल्या अनुकृती आधीपासूनच वेबच्या मूळ भाषांत नव्याने लिहायला घेतल्या होत्या. त्यांतल्या अनेक मराठीतही आहेत. एकच फाइल उतरवून घेतली की नेट नसलेल्या वर्गातही अनुकृती चालते. ही जावास्क्रिप्टच आहे, आणि भरपूर आहे. पण लंबकाची लांबी बदलून पाहायला ती लागतेच. नाव आणि तालुका विचारायला लागत नाही.

या व्यवसायातही आता परतीची वाट दिसू लागली आहे, ही समाधानाची बाब आहे. पान आधी सर्व्हरवर रचून पूर्ण पाठवावे, हालचाल नंतर जोडावी, ही जुनी रीत नव्या नावांनी परत येत आहे, आणि रिॲक्टमध्येही तिला स्थान मिळाले आहे. ब्रिटनच्या त्याच सरकारी संकेतस्थळाने २०२२ मध्ये जेक्वेरी हे बाहेरून आणलेले जावास्क्रिप्टचे साधन काढून टाकले, कारण त्याची बरीच कामे आता ब्राउझर स्वतःच करतो. साधन निवडताना ते किती नवे आहे, हे विचारण्यापेक्षा 'या पानाला ते लागते का आणि त्याचा खर्च कोणाच्या खिशातून जातो' हे विचारले पाहिजे.

वर्गात करून पाहा

हा विषय प्रयोगाचा आहे, तेव्हा शेवट प्रयोगानेच करू. रोज लागणारी पाच संकेतस्थळे निवडा. आपल्या शाळेचे असल्यास तेही घ्या. संगणकाच्या ब्राउझरमध्ये एफ-१२ कळ दाबली की तपासणीची खिडकी उघडते. तिच्यातील नेटवर्कच्या भागात पान किती किलोबाइटांचे आहे आणि त्यात जावास्क्रिप्ट किती, ते दिसते. तिथेच वेग मुद्दाम कमी करण्याची सोय आहे. पहिला मजकूर दिसायला किती सेकंद लागले, ते घड्याळ लावून मोजा. मग ब्राउझरच्या सेटिंगमध्ये जावास्क्रिप्ट बंद करा, पान पुन्हा उघडा आणि काय उरले ते नोंदवा. शेवटी माउस बाजूला ठेवून केवळ कळफलकाने फॉर्म भरता येतो का ते पाहा. वर्गातल्या मुलांनी हे तक्ते केले तर मध्यक, प्रमाण आणि एकके यांचा सराव होईलच, शिवाय आणखी एक गोष्ट साधेल. पडदा पांढरा राहिला की 'मला जमत नाही' असे न म्हणता, दोष कोठे आहे ते ही मुले शोधू लागतील.

त्या शिबिरातल्या गुरुजींना हे त्याच दिवशी सांगायला हवे होते. तेव्हा मला कारण ठाऊक नव्हते. आता सांगतो. गुरुजी, तुमचा फोन बरोबर होता आणि तुम्हीही. पानच कोरे पाठवले होते.